एकमतानं मंजूर झालेला ब्राझील

गणपती विसर्जनानंतरच्या शनिवारी, दुपारी पावणेदोन वाजता, आमच्या साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत ब्राझील अभ्यास दौऱ्याचा अहवाल एकमतानं मंजूर झाला. अहवाल बारा पानांचा होता. तो मी लिहिला होता. मी ब्राझीलला गेले नव्हते. ज्यांच्या नावानं तो लिहिला ते माझे चुलते, आबा, गेले होते. त्यांच्या पासपोर्टवर तसा शिक्का आहे. लिहायला बसले तेव्हा माझ्यापुढे दोन साधनं होती. एक, आबांची आठवण. दुसरं, त्यांनी विमानतळावर घेतलेला तीन सीडींचा गाण्यांचा संच. दोन्हींपैकी सीडी जास्त भरवशाच्या निघाल्या.

आमची वस्ती बेलापूरच्या अलीकडे, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला होती. जिल्ह्याला तेव्हा नगर म्हणत. वडिलांना घरात सगळे दादा म्हणत, मीही. शेती दादा बघायचे आणि उरलेलं जग आबा बघायचे. आबा कारखान्याचे संचालक असल्यामुळे घरातला कुठलाही निर्णय आधी त्यांच्याकडे जाई आणि मग दादांकडे सहीपुरता येई. आई मी लहान असताना गेली. मला वाढवलं काकूनं. ती जामखेडकडची, पाण्याची किंमत ठाऊक असलेली. बागायती घरात येऊन वीस वर्षं झाली तरी ती भांडी धुतलेलं पाणी झाडालाच घालायची आणि आमच्याकडच्या गोडसर भाज्यांना नावं ठेवत आठवड्यातून एकदा माहेरची जहाल तिखट शिपी आमटी करायची. ती आमटी खाताना कोणी बोलत नसे. बोलता येत नसे. त्या वर्षी मी बी.ए. होऊन घरी बसले होते आणि माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली, पुण्याच्या एका दैनिकाचं पत्र होतं. प्रशिक्षणार्थी बातमीदार म्हणून पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला दिली जाईल, एवढाच त्यातला मजकूर. दादांना ते दाखवलं तेव्हा त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आबाला इचार." आबा ब्राझीलला होते.

आबा परतले तेव्हा त्यांचं वजन चार किलोनं उतरलं होतं आणि सामानाचं तेवढंच वाढलं होतं. काकूला अत्तर आणलं, दादांना चावीच्या रिंगा, आणि घराला एक सीडी प्लेअर, दोन वेगळ्या स्पीकरांचा. त्याबरोबर तो संच. कव्हरवर समुद्र, एक नारळाचं झाड आणि पाठमोरी बसलेली बाई. तिच्या अंगावर जे होतं ते बघून काकूनं कव्हर उलटं ठेवलं. वर मोठ्या अक्षरांत ब्राझील लिहिलेलं, खाली बारीक अक्षरांत लाउंज. पहिली सीडी दुपारची, दुसरी सूर्यास्ताची, तिसरी त्यानंतरची. हॉलमध्ये, कारखान्यानं दिलेल्या स्मृतिचिन्हांच्या कपाटासमोर, सगळ्यांना बसवून आबांनी पहिली लावली. आधी लाटांचा आवाज आला. दादा उठले आणि पाइपलाइन फुटली का ते बघून आले. मग गिटार, मग खुळखुळ्यासारखं काहीतरी, त्याखाली यंत्रानं दिलेला ठोका, घड्याळासारखा न चुकणारा. आणि मग ती बाई.

"ही गाती का गाऱ्हाणं सांगती?" काकूनं विचारलं.

"गातीय. तिकडं असंच गात्यात," आबा म्हणाले.

"एवढं हळू? शेजारी कोन निजलंय तिच्या?"

दादा पुन्हा उठले. या वेळी ते गोठ्यात गेले आणि सीडी संपेपर्यंत आले नाहीत.

पुढचे तीन आठवडे ते संगीत आमच्या घरात राहायला आलं. आबांना ते सकाळी चहाबरोबर लागायचं, दुपारी पडल्या पडल्या लागायचं, आणि कोणी भेटायला आलं की मुद्दाम लागायचं. कारखान्याचे शेतकी अधिकारी, सोसायटीचे सचिव, ट्रॅक्टरचे एजंट, सगळे सोफ्यावर बसून मान हलवत. एकानं विचारलं की हे शास्त्रीय आहे का. आबा म्हणाले, तिकडचं शास्त्रीय. काकू स्वयंपाकघरात भाकरी थापायची. तिच्या थापेचा ठोका आणि सीडीचा ठोका जुळत नसे, आणि काकूचा हात वर्षानुवर्षांचा असल्यामुळे चूक सीडीची धरली जाई. वीज दिवसातून आठ तास जायची. बाई कुजबुजता कुजबुजता मध्येच थांबायची आणि त्या शांततेत म्हशीची साखळी ऐकू यायची. वीज आली की ती आधीच्या शब्दापासून नाही, पहिल्या लाटेपासून सुरू करायची. त्यामुळे पहिल्या सीडीची पहिली चार गाणी घरात सगळ्यांना पाठ झाली आणि शेवटची चार कोणी ऐकलीच नाहीत. भाषा पोर्तुगीज होती, हे मला कव्हरवरून कळलं. आबांना तेही माहीत नव्हतं. ते तिला ब्राझिली म्हणत.

सभेच्या आधीच्या रविवारी आबांनी मला बोलावलं. दौऱ्याचा अहवाल सभेपुढे ठेवायचा होता आणि तो लिहिण्याची जबाबदारी शिष्टमंडळानं एकमतानं आबांवर टाकली होती, कारण त्या बैठकीला आबा गैरहजर होते.

"सुमे, तुझा लिहिन्यात हात बसल्याला हाय. बारा पानं भर."

"काय लिहू, आबा?"

"ब्राझील लिही."

"तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

"सभा नीट पार पडू दे. मंग मी दादाशी बोलतो. एक तारखेला तू पुन्यात."

हा सौदा होता आणि तो दोघांनाही समजला. मी वही घेऊन समोर बसले आणि आयुष्यातली पहिली मुलाखत घेतली. ऊस किती उंच होता, विचारलं. आबा म्हणाले, खिडकीतून ऊस दिसत नव्हता. कुठल्या खिडकीतून, विचारलं. मग हळूहळू सगळं आलं. पहिल्याच दिवशी हॉटेलातलं काहीतरी त्यांना बाधलं. काय बाधलं ते कळलं नाही, कारण त्यांनी सगळंच थोडं थोडं खाल्लं होतं. मुक्कामाचे चारही दिवस ते सातव्या मजल्यावरच्या खोलीत आणि खोलीला लागून असलेल्या न्हाणीघरात होते. संध्याकाळी बरं वाटलं की लिफ्टनं खाली यायचे, काचेच्या दरवाज्याजवळच्या खुर्चीत बसायचे आणि भाताची पेज मागायचे. ती मिळायची नाही. तिथे दिवसभर हेच संगीत चालू असे. बाकीचे चौघे एक दिवस कारखाना बघून आले. त्यांचं म्हणणं असं की तिथला कारखाना मोठा आहे.

"मग तुम्ही ब्राझीलमध्ये काय पाहिलं?" मी विचारलं.

"ऐकलं," आबा म्हणाले. "पाहिलं न्हाई." आणि थोड्या वेळानं, "चार दिवस त्या बाईशिवाय माझ्याशी कुनी बोललं न्हाई, सुमे. म्हणून तर आनली तिला."

हे वाक्य मी अहवालात घेतलं नाही. पण त्या सीडी घरात इतक्या का वाजतात, ते मला त्या दिवशी कळलं.

संचाबरोबर सोळा पानांची चकचकीत पुस्तिका होती, इंग्रजीत. तीच माझी संदर्भग्रंथसूची. अहवालात एकही खोटं वाक्य येऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. बातमीदार व्हायला निघालेल्या माणसाला असे निश्चय सोपे वाटतात. पुस्तिकेत लिहिलं होतं की ब्राझीलला साडेसात हजार किलोमीटरचा किनारा आहे. मी लिहिलं, "सदर देशास विस्तीर्ण किनारपट्टी लाभलेली आहे." पुस्तिकेत होतं की तिथले लोक संध्याकाळी समुद्राकाठी जमून गातात. मी लिहिलं, "तेथील नागरिक सामूहिक जीवनास महत्त्व देतात." एका पानावर उसाच्या रसापासून काढलेल्या पेयाची कृती होती, लिंबू, साखर, बर्फ घालून. मी लिहिलं, "उसाच्या रसापासून थेट पेय तयार करण्याकडे तेथे विशेष लक्ष दिले जाते." ते पेय दारू आहे हे मी लिहिलं नाही. ते खोटं नव्हतं, फक्त अपुरं होतं. पुढच्या पंचवीस वर्षांत हा फरक मला पगार देऊन शिकवण्यात आला. शेवटच्या पानावर, दादांच्या भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, गाण्यांची वंशावळ होती. सदतीसपैकी एकोणतीस गाणी म्युनिकमध्ये ध्वनिमुद्रित. संकलन म्युनिक. छपाई म्युनिक. ठोका देणारं यंत्र चालवणारे दोघे जर्मन. बाई ब्राझीलची होती, पण नोंदीप्रमाणे पॅरिसला राहत होती.

मी पुस्तिका आणि भिंग घेऊन आबांकडे गेले.

"आबा, हे जर्मनीत बनलंय."

आबांनी भिंगातून पाहिलं. "मंग?"

"ब्राझीलचं नाही हे."

"आपली साखर दिल्लीत खात्यात. पुड्यावर बेलापूर लिहिल्यालं असतं व्हय?" ते म्हणाले आणि भिंग मला परत दिलं.

ज्यांनी साखर कारखान्याची सभा पाहिली नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं की तिथे विषय मांडतात, चर्चा करत नाहीत. मांडवात पुढच्या तीन रांगा ठरलेल्या लोकांच्या असतात. व्यासपीठावरून विषयाचा क्रमांक उच्चारला की त्या रांगांतून "मंजूर, मंजूर, मंजूर" असा आवाज उठतो आणि मागे बसलेले टाळ्या वाजवतात. ज्या संचालकाच्या विषयाचं वाचन सुरू होण्याआधीच मंजुरी येते तो वजनदार. सभा संपली की लाडू-चिवड्याचं पाकीट मिळतं, म्हणून कोणी उगाच लांबवत नाही. त्या शनिवारी चेअरमन साहेबांना वातावरण हवं होतं. त्यामुळे आमचा सीडी प्लेअर व्यासपीठाच्या डाव्या पायाशी एका स्टुलावर ठेवला होता आणि मी त्याच्याशेजारी, हातात जादा माइक घेऊन. ताळेबंद मंजूर झाला. कोणीतरी जांभई देत असतानाच लेखापरीक्षकाची नेमणूक मंजूर झाली. मग आबा उठले आणि त्यांनी माझी बारा पानं वाचली. ते वाचायला चांगले होते. किनारपट्टीला तर टाळ्या पडल्या. पेयाच्या परिच्छेदाला मधल्या रांगेतून एक जण म्हणाला, "मंग आपला रसवंतीवाला काय येगळं करतोय?" हशा झाला. आबांनी तो मोठेपणानं घेतला. विषय आता मंजुरीला जाणार होता आणि माझं पत्र मला साड्यांखालून बाहेर आलेलं दिसू लागलं होतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं गयाबाई उठल्या. त्या बाजूला एकूण पाच बायका होत्या. गयाबाई आमच्याच शिवारातल्या, नवरा वारल्यावर शेअर स्वतःच्या नावावर करून घेतलेल्या, दोन एकर ऊस करणाऱ्या. त्यांनी माइकवाल्याच्या हातातून माइक घेतला.

"आबा, मला एकच सांगा. ऊस तुटल्यावर तिथं पाचट जाळत्यात का रानात ठिवत्यात? माझं खोडवं हाय, जुन्याच बुडख्यांवर ऊस येतो. मी दरसाली जाळती. पोरगा म्हणतो, ठिव, जमीन सुधरती. तुमी सोता बघून आलाय. तुमी सांगाल तसं करीन."

मांडवात त्या दिवशी दोन हजार माणसं असतील. दौऱ्याचा हेतू अभ्यास आहे, असं समजून चालणाऱ्या त्या एकट्याच निघाल्या. आबांनी पानं उलटली. पाचट, म्हणजे तोडलेल्या उसाचा वाळका पाला, बारापैकी कुठल्याच पानावर नव्हतं, कारण पुस्तिकेत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलेकडे पाहिलं. मग त्यांचा आवाज आला, शांत, जवळजवळ मायाळू.

"आपन सांगन्यापरास तिथल्याच भगिनीच्या तोंडून ऐका. सुमन, लाव."

बटन मी दाबलं. माइक स्पीकरसमोर मी धरला. हे कुठल्याही अहवालात नाही, म्हणून इथे नोंदवते. दुसरी सीडी आत होती, सूर्यास्ताची. आधी ठोका आला, मग लांबवलेले दोन सूर, मग ती बाई, कर्ण्यांतून मोठी होऊन, सगळ्या मांडवाच्या कानाशी. ती काय म्हणत होती ते तिला ठाऊक. साडेतीन मिनिटं कोणी हललं नाही. पुढच्या रांगेतल्या एकानं टोपी काढून मांडीवर ठेवली. कुजबुज संपताना लाटा आल्या, मग मी बटन बंद केलं.

"लई दमल्याली दिसती बाई," मागून कोणीतरी म्हणालं. "तोडनीवरनं आली आसल."

"ती म्हणती," आबा म्हणाले, "पाचट जाळू नगा. जमिनीचा कस जातो."

गयाबाई अजून उभ्याच होत्या. "तेच तेच दोनदा म्हणली की ती."

"म्हत्त्वाचं हाय म्हणून दोनदा म्हणली."

मंजूर, मंजूर, मंजूर झालं. घड्याळात पावणेदोन वाजले होते. चेअरमन साहेबांनी आबांच्या पाठीवर हात ठेवला. मी वायर गुंडाळली. त्या काळात ब्राझीलमध्ये बहुतेक ठिकाणी तोडणीआधी उभा ऊसच पेटवून देत, असं मी काही वर्षांनी बातमीच्या कामात वाचलं. आबांना सांगितलं नाही.

हे संगीत आता कुणाला नवं नाही. मागच्या वर्षी शनिशिंगणापूरच्या फाट्यावर एका नव्या हॉटेलात मिसळ मागवली, तेव्हा छतातल्या स्पीकरातून तसलीच एक बाई तसलंच काही कुजबुजत होती आणि खाली सहा टेबलांवर लोक शनीला तेल घालून आलेल्या हातांनी पाव मोडत होते. कोणी वर पाहिलं नाही. मला मात्र घास हातात धरून गाणं संपेपर्यंत थांबावं लागलं. त्या संगीताला मी आयुष्यभर हसत आले आहे, आणि ते लागलं की बोलणं थांबवते, हेही खरं आहे.

सभेनंतरच्या सोमवारी सकाळी गयाबाई घरी आल्या. आबा आतल्या खोलीत दाढी करत होते, काकू ओट्याशी मटकी निवडत होती. एक तारखेला तीन दिवस उरले होते आणि सभेच्या सत्कारांत आबांना दादांशी बोलायला सवड झाली नव्हती. गयाबाईंनी चहाला नाही म्हटलं. ज्या कामाला आलो त्याआधी चहा घ्यायचा नाही, अशी त्यांची पद्धत होती.

"सुमन, तू शिकल्याली हायेस. पेटी तूच वाजवलीस. ती बाई खरंच पाचटाचं म्हणत हुती का?"

मटकीत फिरणारा काकूचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. मला कपाटातलं पत्र आठवलं, शब्दन् शब्द.

"नाही, मावशी," मी म्हटलं. "मला ती भाषा येत नाही. आबांनाही येत नाही. गाणं जर्मनीत भरलेलं आहे. त्यात पाचट नसावं."

"आन् ती बारा पानं?"

"मी लिहिली. पुस्तिकेवरून."

गयाबाईंनी पदर सारखा केला. त्या रागावल्या नव्हत्या. असल्या तर दिसलं नाही. "मला वाटलंच हुतं. पाचटाचं सांगाया कुनी एवढा लाडिक आवाज काढीत न्हाई. मंग मी काय करू खोडव्याचं?"

"मला माहीत नाही."

"हे आबानं म्हणलं असतं तर काय झालं असतं? माहीत न्हाई म्हणाया काय लागतं?" त्या उठल्या, मग पुन्हा बसल्या. "अर्ध्या एकरात ठिवते, बाकी जाळते. बघू. दे आता चहा."

"गयाबाई, हे तुमी कुनाला सांगाल का?" काकूनं विचारलं.

"मी कशाला दवंडी देईन? कुनी इचारलं तर सांगन. न इचारता सांगायची मला सवय न्हाई."

त्या चहा घेऊन गेल्या. आबा बाहेर आले. अर्ध्या चेहऱ्यावर फेस होता, अर्धा चेहरा झाला होता. ते उंबऱ्यात उभे राहिले.

"समदं सांगितलंस."

"त्यांनी विचारलं, आबा."

"इचारलं म्हणून सांगायचं व्हय?"

आबा खांद्यावरच्या टॉवेलनं तोंडही न पुसता मागच्या दारानं गोठ्याकडे गेले, जिथे दादा म्हशीला पेंड घालत होते. काकू हळूच म्हणाली, "गेलं तुझं पुनं." मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. गोठा तिथून दहा पावलांवर होता.

"दादा, सुमीला पुन्याला धाडा," आबा म्हणत होते.

"परवा तर म्हणलास, निवांत बोलू."

"निवांत न्हाई. एक तारखेलाच धाडा. ही हितं राहिली तर पुढल्या निवडनुकीत मला कुनी मत देनार न्हाई."

पेंडीच्या घमेल्याचा आवाज थांबला. दादांनी विचारलं, "आन् तिकडं जाऊन काय करनार ती?"

"हेच," आबा म्हणाले. "पर पुन्यातल्या लोकांचं."

दुपारी जेवताना दादांनी काकूला विचारलं की श्रीरामपूरहून पुण्याची पहिली गाडी किती वाजता असते. एक तारखेला सकाळी साडेदहा वाजता मी दैनिकाच्या कार्यालयात हजर झाले.